सुली सोडून सगळी

६ मे १९६२, रविवार

ह्यांचे मामा, दाजीमामा, सकाळीच ओट्यावर हजर. माझ्या नणंदेसाठी, शालूसाठी, दादरचं स्थळ आणलंय. मुलगा सरकारी नोकरीत, एकुलता, रंगाने उजळ (हे मामांनी दोनदा सांगितलं). माणसं मे महिन्यापुरती इथे बंदराजवळ नातेवाइकांकडे उतरली आहेत. पण मुलगी पाटावर बसवून बघणं मुलाच्या आईला पसंत नाही. म्हणे, येत्या रविवारी दोन्ही घरांनी मिळून किल्ल्यावर सहल करू. होडीने जायचं, डबे तिथेच खायचे, उन्हं कलली की परत येऊन किनाऱ्यावरच्या नव्या बागेत बसायचं. मुलं मोकळेपणी बोलतील.

"मुंबयची माणसां ती," मामा म्हणाले. "तेंका मोकळी हवा लागता."

शालू लाजून विहिरीवर पळाली. मला बरं वाटलं. मी ह्या घरात आले तेव्हा ती परकरात होती. तिच्या वेण्या मी घातल्यात.

माझ्या लेकीला, सुलीला, ऐकू येत नाही, पण घरात काय चाललंय ते तिला सगळ्यांच्या आधी कळतं. मामांनी किल्ल्याकडे हात केला तेवढं पुरलं. माझ्यासमोर येऊन दोन्ही हातांनी वल्हं मारलं, मग स्वतःच्या छातीवर बोट. मी पण?

आठ वर्षांची झाली. रोज दारातून किल्ला बघते. एकदा नेलेली नाही.

मी मान हलवली. हो.

८ मे, मंगळवार

सासूबाई तांदूळ निवडता निवडता म्हणाल्या, "वत्सला, आयतवारी तू घराक रव. सुलीक सांभाळूक कोणी तरी होया."

मी म्हटलं, सुली येणार आहे ना.

"येतली?" सूप खाली ठेवलं. "आणि होडयेत बसान आरडाक लागली म्हणजे? ती माणसां शालूक बघूक येतत. ह्येका बघून काय म्हणतली? ह्येंच्या रक्तातच खोट आसा, म्हणतली. शालूच्या पोरांका पण असाच होयत, म्हणतली."

सुलीला तापात गेले कान. दोन वर्षांची होती. तोवर 'आये' म्हणायची, 'कावळो' म्हणायची. सासूबाईंना हे ठाऊक आहे, त्याच तर रात्रंदिवस उशाशी बसल्या होत्या. आता म्हणतात रक्तात खोट.

हे शेजारी बसून पेज जेवत होते. मी ह्यांच्याकडे बघितलं. ह्यांनी लोणचं मागितलं.

९ मे, बुधवार

दुपारी ह्यांना खोलीत गाठलं. म्हटलं, पोरीला मी हो सांगून बसलेय.

"तिका काय कळता? मागसून केव्हा तरी नेवया."

केव्हा तरी. सहा वर्षं हाच शब्द. मुक्याबहिऱ्या मुलांची शाळा मुंबईत आहे असं ऐकलं तेव्हाही, केव्हा तरी चौकशी करूया.

म्हटलं, ती तुमचीही मुलगी आहे.

"माका काय सांगतंस? माझी भैण पण आसा ना? एक दिवसाचो प्रश्न. तिचा लगीन ह्या पायी मोडला तर तू उत्तर देतलंस?"

शालूचं लग्न मोडावं असं मला थोडंच वाटतं. हे त्यांना पक्कं माहीत आहे, म्हणून तर हाच दगड उचलतात.

मीच गप्प बसले. गप्प बसल्याचा राग वेगळाच.

१२ मे, शनिवार

दिवसभर चुलीपुढे. वडे, बटाट्याची भाजी, खटखटे लाडू, सोलकढीचा डबा. जायचं नाही त्या सहलीचं सगळं रांधणं माझ्याकडे.

सुलीने निळा फ्रॉक काढून खाटेवर पसरून ठेवलाय. फ्रॉकच्या बाजूला चपला. मधूनच येते आणि वल्हं मारून दाखवते. मी लाडू वळत राहिले. तिला 'उद्या' सांगता येतं, 'पाऊस आहे' सांगता येतं, 'आजी झोपलीय' सांगता येतं. सगळी जाणार पण तू नाही, ह्याला आमच्या दोघींत खूणच नाही. कधी करावी लागेल असं वाटलंच नव्हतं.

संध्याकाळी सासूबाई म्हणाल्या, सकाळी सुलीला शेजारी धाडून दे, आमी गेलंव की परत आण. म्हणजे चोरासारखं.

मी म्हटलं, धाडणार नाही. जायचंय तर तिच्या डोळ्यांदेखत जा.

१३ मे, रविवार, दुपार

गेली.

सुली निळा फ्रॉक घालून दारात उभी होती. सासूबाई तिच्याकडे न बघता उतरल्या. शालू अबोली माळून, नवं पातळ नेसून, मान खाली घालून उतरली. शेवटी हे, डबे घेऊन. सुली त्यांच्या मागे धावली, ह्यांचा सदरा धरला. ह्यांनी तिचा हात सोडवला आणि घराकडे बोट दाखवलं. ती पुन्हा मागे. पुन्हा बोट. मग डोळे वटारले.

ती परत आली आणि माझ्याकडे बघितलं. रडली नाही. माझ्याकडे नुसती बघत राहिली, मी खोटं बोलले होते ना.

सगळी भांडी घासून काढली, घासलेली सुद्धा. अंगण झाडलं.

त्याच दिवशी, दिवेलागणीला

खुशीत आली सगळी. मी चहा ठेवला. सासूबाईंचं तोंड बंद होईना. मुलगा शांत आहे. मुलाची आई फार मोठ्या मनाची, पातळावर पांढरे कॅनव्हासचे बूट घालून सगळा तट चढली, बाई! आणि मोत्यांच्या कुड्या. बागेत लेकीच्या पोरीला स्वतः झोके दिले. शालूला म्हणाली, तुझा आवाज गोड आहे.

शालू स्वयंपाकघरात माझ्यामागे येऊन उभी राहिली.

"वहिनी, एक सांगू? रागावशीत नाय मा?"

"सांग."

"तेच्या आयेन दादाक विचारल्यान, तुम्हाला मुलं किती?"

मी गाळणं धरून उभी.

"दादा म्हणालो, नाही, अजून नाही."

पुढे ती काय बोलली ते ऐकलं नाही. चहा कपाबाहेर गेला. सुली तिथेच होती, लाडू खात. आजीने परत आणलेल्या डब्यात तळाला दोन उरले होते, ते.

नाही, अजून नाही.

१४ मे, सोमवार

ह्यांना विचारलं. नाकबूल गेले नाहीत.

"तोंडातसून गेला."

तोंडातून एखादा शब्द जातो. अख्खं पोर कसं जातं?

"मगे काय सांगूचा होता? एक मुकी आसा, ती घरात डांबून ठेवलेली आसा, असा सांगू?"

"हो. तेच सांगायचं. खरं ते."

कचेरीला निघून गेले. छत्री विसरले. हाक मारली नाही.

१५ मे, मंगळवार

मामा पुन्हा आले. स्थळ पसंत. आता ती माणसं घर बघायला येतील, मग याद्या. मामांनी सुपारी कातरत तोडगा काढला. वत्सलाने सुलीला घेऊन माहेरी आरोंद्याला जावं, लगीन होईस्तोवर.

"दोन म्हयन्यांचो प्रश्न. माहेरपणाक गेली म्हणान सांगूचा. बरा पण दिसतला."

रविवारी एक दिवसाचा प्रश्न होता. आज दोन महिन्यांचा झाला. लग्नानंतर बाळंतपण, बारसं, मुंबईचे पाहुणे येतील जातील. माझी पोर कायमचीच आरोंद्याला. कुणाला एवढं समोर दिसत नाही का? दिसतं. म्हणूनच बोलले.

ह्यांनी सुपारीसाठी हात पुढे केला. सासूबाई म्हणाल्या, आरोंद्याक खाडयेची हवा बरी, पोरीक मानवात.

आत आले आणि उखळाला लाथ मारली. अंगठा सुजलाय. उखळाला काय होणार.

१६ मे, बुधवार

आज मी सुलीला किल्ल्यावर नेलं.

कुणाला विचारलं नाही. हे कचेरीला गेले, सासूबाईंना म्हटलं, आम्ही दोघी जाऊन येतो. कुठे म्हणून विचारायच्या आत पायऱ्या उतरलो होतो. निळा फ्रॉक. भाकरी आणि सुक्या सुंगटांची चटणी फडक्यात बांधून घेतली.

होडीवाला बाबी कुरकुरत होता. वारा फिरलाय, अजून चार-आठ दिवस, मग होड्या वर ओढायच्या. "आजच कित्याक सुचला तुका?" म्हटलं, आजच सुचलं, चल. होडीत आणखी सातआठ माणसं. लाट आली की सुली मोठ्याने ओरडायची, तिचा तो घशातला आवाज, आनंदाचा. समोरच्या बाईने आपलं पोर कुशीत ओढलं. मी त्या बाईकडे बघत राहिले, तिने नजर वळवीपर्यंत. आज मला कुणाचीच भीड नव्हती.

तट जवळ आला तशी ती गप्प झाली. दारातून रोज दिसणारा एवढासा किल्ला, आणि हा एवढा! मान मागे मागे नेऊन बघत राहिली. दरवाज्यातल्या मारुतीला नमस्कार केला. महाराजांच्या हाताचा ठसा बघितला, स्वतःचा पंजा बघितला. दोन फांद्यांचा माड बघून तिला हसू आवरेना. तिथे उभी राहून दोन्ही हात वर करून माड झाली. देवळातल्या गुरवाच्या बायकोने बोलावून गूळपाणी दिलं. "मुकी गो?" एवढंच म्हणाली, आणि तिच्या हातावर खोबऱ्याचा तुकडा ठेवला. किती साधं असतं एखाद्याला.

राणीच्या वेळेवर, तटालगतच्या छोट्या किनाऱ्यावर, बसून भाकरी खाल्ली. तिने शिंपले वेचले. मी पाय पाण्यात सोडून बसले. पहिल्यांदा वाटलं, रविवारी किती थोडं लागलं असतं. होडीत एक जागा. एवढंच ना?

तिथेच रडू आलं. रागाचंच.

परत आलो तेव्हा उन्हं कलली होती. ती किनाऱ्यावरच्या बागेपाशी अडून बसली. सहलीत बाग होती हे तिला कुठून कळलं कुणास ठाऊक. आत नेलं. एका झोपाळ्यावर तीनेक वर्षांची मुलगी बसली होती, पाय पोचत नव्हते. सुलीने जाऊन झोका द्यायला सुरुवात केली. अगदी हळू.

"तुमची मुलगी किती सांभाळून झोका देते हो," बाकावरच्या बाई म्हणाल्या.

मी वळले. मोत्यांच्या कुड्या. खाली बघितलं. पांढरे कॅनव्हासचे बूट.

त्यांनी मला कधी बघितलेलं नव्हतं. सुलीचा हात धरून निघून गेले असते तर काही कळलं नसतं. शालूचा चेहरा डोळ्यांपुढे आला. खरंच आला. मी तिथे उभी राहिले.

"नाव काय गं तुझं?" त्यांनी सुलीला विचारलं.

"तिला ऐकू येत नाही," मी म्हटलं. "सुलोचना."

"अगं बाई. कुणाकडच्या तुम्ही?"

"मी शालिनीची वहिनी."

त्या हसल्या. "असं होय! रविवारी तुमची चुकामूक झाली. बरं नव्हतं म्हणे तुम्हाला."

"मला बरं होतं. हिला घेऊन घरी राहा म्हणाले."

त्यांनी सुलीकडे बघितलं, मग माझ्याकडे. "मग ही..."

"माझी. शालूच्या भावाची."

"मला त्यांनी मूल नाही म्हणून सांगितलं."

"ठाऊक आहे."

त्या उठल्या, नातीला झोपाळ्यावरून उचललं. ती अजून झोका हवा म्हणून रडायला लागली. "बरं," म्हणाल्या. "येते मी." बस. पाठीवरून काही कळलं नाही.

घरी येऊन सासूबाईंना आणि ह्यांना सांगितलं. लपवायचं नाही असं वाटेतच ठरवलं होतं. आता घरात कुणी बोलत नाही. हे लिहितेय तेव्हा सुली वाळू भरलेल्या पायांनी झोपली आहे.

१७ मे, गुरुवार

काल गप्प होती ती आज फुटली.

सासूबाई कपाळावर हात मारून, "माज्या चेडवाचा लगीन मोडलंस गो! सात जल्माचा वैर साधलंस!"

हे, "तुका तोंड गप धरूक येयना? वाटेर भेटलेल्या बायलांका घरातला सांगत बसतंस?"

"तुम्ही सहलीला जाऊन सांगून आलात. मी बागेत."

ह्यांनी हात उगारला. सुली दारात उभी होती. तिला आवाज कळत नाही, हात कळतो. ती आली आणि मधे उभी राहिली. ह्यांनी हात खाली घेतला आणि ताट भिरकावलं. भात अंगणभर. कावळ्यांची चंगळ.

हे सगळं सोसवलं. शालूचं नाही सोसवलं. ती ओरडली नाही. मोरीपाशी येऊन हळूच म्हणाली, "वहिनी, माझो जरासो पण विचार इलो नाय तुका?"

"आला होता."

"मगे?"

मगे. काय सांगू तिला? तिचा विचार आला आणि तरी मी बोलले. तिच्यावर रागावता येत नाही. तिचं बरोबर, माझंही बरोबर. दोघींना एकमेकींसमोर उभं करणारे ते दोघे मात्र ओट्यावर बसून विड्या ओढतायत. हे आणि मामा.

१९ मे, शनिवार

मामा निरोप घेऊन आले. मान खाली. मुलाची आई मुलाला घेऊन उद्या घरी येते म्हणाली. एकच अट, घरातली सगळी माणसं हजर हवीत. लहान मुलगीसुद्धा.

सासूबाई म्हणतात, घरात येवन आमचो अपमान करूक. हे म्हणतात, येऊच नको म्हणून सांगूया. शालू पहिल्यांदा मोठ्याने बोलली, "येवंदेत. काय ता एकदा होवंदे."

रात्रीसाठी मासे आणले नाहीत कुणी.

२० मे, रविवार

आली. मुलगा आणि ती. चहा झाला. मी ताटल्या ठेवून दारात उभी, सुली माझ्या पदराशी. मामा हवापाण्याचं बोलत होते. त्या बाईंनी हाताने थांबवलं.

ह्यांना म्हणाल्या, "किल्ल्यावर मी तुम्हाला एक विचारलं होतं. पुन्हा विचारते. तुम्हाला मुलं किती?"

ह्यांनी सासूबाईंकडे बघितलं. मग माझ्याकडे. मी भिंतीकडे बघितलं. माझ्याकडून मदत नाही.

"एक," हे म्हणाले. "मुलगी आसा." पाहुण्यांपुढे नेहमी शुद्ध बोलणारा माणूस.

"नाव?"

"सुलोचना."

"मग तेव्हा 'नाही' का म्हणालात?"

सासूबाई सुरू झाल्या, आमका वाटला, तुमका वायट दिसात... त्या बाई म्हणाल्या, "मुलीला ऐकू येत नाही, त्याचं मला काही नाही. माझ्या घरात येणारी माणसं उद्या आणखी काय काय लपवतील, त्याचं आहे."

मुलगा इतका वेळ खाली बघत होता. त्याने शालूला विचारलं, "तुम्हाला ठाऊक होतं? हिला घरी ठेवलंय ते?"

"होता," शालू म्हणाली. पदराचं टोक बोटाला गुंडाळत होती, ते थांबलं. "मी पण गप रवलंय. माका लगीन होया होता."

मला वाटलं, संपलं. त्याने तिच्याकडे नीट बघितलं, बहुतेक पहिल्यांदाच. आई म्हणाली, विचार करून कळवतो. जाताना त्याने मागे वळून शालूला नमस्कार केला. ह्याचा अर्थ होकार की निरोप, ह्यावर घरात दिवसभर वाद चाललाय.

शालू आत जाऊन रडली. मी गेले. तिने ढकललं नाही. जवळही आली नाही.

२१ मे, सोमवार

निरोप नाही.

मला बरं वाटायला हवं. चारचौघांत 'एक मुलगी' म्हणाले, नाव घेतलं. पण बरं वाटत नाही. सहा वर्षं मी विचारतेय, तेव्हा कान नव्हते. परक्या बाईने दरडावून विचारलं तेव्हा मुलगी आठवली. काल ते लाजले होते, पण कुणासमोर? त्या बाईसमोर. सुलीसमोर नाही. माझ्यासमोर तर नाहीच.

मामांनी सकाळी पुन्हा आरोंद्याचं काढलं. आता म्हणे राग शांत होईस्तोवर जा. कुणाचा राग, ते नाही सांगितलं. मी म्हटलं, मला धाडायचं कुणी बोलू नका. जायचं तर माझी मी जाईन, आणि मग कधी यायचं तेही मीच ठरवीन. मामांची सुपारी अडकित्त्यातच राहिली.

दुपारी हे कचेरीतून लवकर आले. सुली ओट्यावर शिंपले मांडत होती. तिच्यासमोर बसले. काहीतरी सांगायला बघत होते, हात वर नेला, खाली आणला, पुन्हा वर. एवढ्या वर्षांत पोरीशी बोलायची एक खूण शिकले नाहीत. तिला वाटलं खेळ आहे. ती हसली. तेही हसले, कसनुसं.

मी आत पीठ मळत होते. हे दारात येऊन उभे राहिले.

"सकाळच्या गाडयेन आरोंद्याक जातलंस?"

"अजून नाही ठरवलं," मी म्हटलं. ते बराच वेळ तिथेच होते. पिठात पाणी जास्त झालं, आणखी पीठ घेतलं, मळत राहिले.